पहिली प्रीती पुन्हा पेटते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर गुरुवारी दुपारी बहिणींची प्रार्थना असते. तिथे मी गेली बरीच वर्षं बायबलमधलं वचन सांगते. प्रार्थना होते, चहा होतो, आणि चपला घालता घालता कुणीतरी हळूच विचारतं. कुणी रात्री व्हॉट्सॲपवर लिहितं. शब्द वेगवेगळे असतात, पण दुखणं एकच: "पूर्वीसारखं आता राहिलं नाही हो." पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत प्रोटेस्टंट आहेत, वसईकडच्या कॅथलिक बहिणी आहेत, नव्याने विश्वासात आलेलेही आहेत. प्रश्न कुणाचा हे ओळखता येईल असं काही ठेवलेलं नाही.

बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात "पहिली प्रीती" सोडल्याचं म्हटलंय, ते नेमकं काय? मला आता गाताना रडू येत नाही. म्हणजे माझी गेली का?

रडू येणं किंवा न येणं ही त्याची खूण नाही. प्रकटीकरणाच्या २ऱ्या अध्यायातलं ते पत्र इफिस शहरातल्या मंडळीला आहे, आणि ती मंडळी काही झोपलेली नव्हती. ती श्रम करत होती, सोसत होती, खोट्या प्रेषितांना पारखून दूर ठेवत होती. अशी मंडळी आज आपल्याकडे असती तर आपण सगळीकडे तिचं उदाहरण दिलं असतं. तरीही प्रभू तिला म्हणतो की तू आपली पहिली प्रीती सोडलीस. काम चालूच राहतं, पण ज्याच्यासाठी ते सुरू केलं तोच बाजूला पडतो. लग्नाला वीस वर्षं झालेल्या घरात डबा वेळेवर भरला जातो, पण डबा हातात देताना कुणी कुणाकडे बघत नाही, तसं.

उपाय पुढच्याच वचनात आहे: आठवण कर, पश्चात्ताप कर, पहिली कृत्ये कर. "तुला पूर्वीसारखं वाटू दे" असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. इफिसकरांची पहिली कृत्यं कोणती होती, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या १९व्या आणि २०व्या अध्यायांत सापडतं. जादूटोण्याची पुस्तकं त्यांनी सगळ्यांसमोर जाळली, त्यांची किंमत भरली चांदीची ५०,००० नाणी. आणि प्रेषित पौल निघाला तेव्हा तिथल्या मंडळीचे वडीलधारे त्याच्या गळ्यात पडून रडले. रडले होते ते, पण एका माणसाच्या गळ्यात पडून.

म्हणून मी सांगते, एक कागद घ्या आणि तुमची पहिली कृत्यं लिहून काढा. मी लिहायला बसले तेव्हा आठवलं, की पहिल्या पगारातून मी शेजारच्या एका आजींना चष्मा करून दिला होता, त्यांना गीतपुस्तक वाचता यावं म्हणून. मी ते साफ विसरले होते. त्यानंतर कितीतरी वर्षांत मी कुणासाठी असं काही केलंच नव्हतं.

उत्साह कमी झाला म्हणजे कुठेतरी पाप झालंय, असंच समजायचं का?

नाही. कधी कधी तसं असतं (त्याबद्दल खाली "माझ्या हातून मोठी चूक झाली" या प्रश्नात लिहिलं आहे), पण प्रत्येक वेळी नाही. १ राजे १९ वाचा. संदेष्टा एलीया कर्मेल डोंगरावर जिंकून आला आणि दुसऱ्याच अध्यायात एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्याला फैलावर घेतलं नाही. आधी झोपू दिलं. मग देवदूताने हात लावून उठवलं आणि निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचा चंबू पुढे ठेवला. तो जेवून पुन्हा झोपला, तेव्हा पुन्हा उठवून जेवू घातलं. प्रश्न विचारायची वेळ आली ती चाळीस दिवसांनंतर, होरेब डोंगरावर.

अंगावर पिणारं बाळ आहे, रात्रपाळी आहे, सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, रक्तातलं हिमोग्लोबिन खाली गेलंय, अशा बायका मला विचारतात की त्यांची भक्ती का आटली. बाई गं, तू आधी झोप. घरच्यांना सांग की रविवारी दुपारी दोन तास मला कुणी हाक मारायची नाही. तीही आराधनाच आहे असं मी मानते.

पुन्हा सुरुवात करायची तर कुठून करू?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त बोलते.

माझी आजी रात्री चूल विझवत नसे. जेवणं झाली की दोन-तीन चांगले निखारे कोपऱ्यात लोटायची, वर अर्धी गोवरी ठेवायची आणि राखेने झाकून टाकायची. त्याला ती "विस्तव राखणं" म्हणायची. पहाटे उठल्यावर पहिलं काम राखेचं. पत्र्याच्या तुकड्याने ती राख हलक्या हाताने बाजूला सारायची, टोपल्यात भरून परसात नेऊन टाकायची. मग आत बोराएवढा लाल निखारा दिसायचा. त्यावर दोन तुरकाठ्या मोडून ठेवायची आणि फुंकणीने फुंकायची. मी एकदा राख न काढता वर लाकडं रचली आणि फुंकत बसले. घरभर धूर झाला, डोळे चुरचुरले, जाळ काही झाला नाही.

पुढे बायबलचं लेवीय हे पुस्तक वाचताना ६व्या अध्यायात मी थबकले. वेदीवरचा अग्नी सतत पेटता ठेवायचा, कधी विझू द्यायचा नाही, हे आपल्याला पाठ असतं. पण त्याच्या आधी काय लिहिलंय? याजकाने तागाची वस्त्रं घालून राख उचलायची, वेदीच्या बाजूला ठेवायची, मग वस्त्रं बदलून ती छावणीबाहेर नेऊन टाकायची. आणि रोज सकाळी नवं लाकूड घालायचं. मूळ अग्नी मात्र याजकाने पेटवलेला नव्हता. तो परमेश्वरासमोरून आला होता, हे ९व्या अध्यायात आहे. अग्नी देवाचा आणि सकाळची राख व लाकूड माणसाचं, असा हा वाटा आहे.

आपल्या आयुष्यात राख म्हणजे काय? बहुतेक वेळा जुनी साक्ष. १५ वर्षांपूर्वी प्रभूने आजारातून उठवलं, तीच साक्ष आपण प्रत्येक सभेत सांगतो. ती खरी आहे, तो एकेकाळी जाळच होता. पण आज तिच्यावर स्वयंपाक होत नाही. ती आदराने उचलून बाजूला ठेवा आणि या आठवड्यात प्रभू तुमच्याशी काय बोलला ते विचारा. काहींच्या बाबतीत राख म्हणजे एखादा अबोला असतो. भावकीतला, जमिनीवरून झालेला. तो असताना कितीही उपासप्रार्थना करा, धूरच होणार.

लाकूड मात्र लहान घाला. एकदम पहाटे चारला उठून दोन तास प्रार्थना करण्याचा नवस करू नका, बुधवारपर्यंतही तो टिकत नाही. दहा मिनिटं, एकच जागा, फोन दुसऱ्या खोलीत, आणि एक स्तोत्र मोठ्याने. रात्रपाळीवाल्यांची सकाळ दुपारी दोनला होते, त्यांनी तेव्हा करावं. निदान सहा आठवडे हे वाढवू नका.

पौल आपला तरुण सोबती तीमथ्य याला दुसऱ्या पत्राच्या १ल्या अध्यायात लिहितो की तुझ्यातलं कृपादान प्रज्वलित कर. त्याच्या आदल्याच वचनात तो त्याला आजी लोईस आणि आई युनीके यांची आठवण करून देतो. हे दोन्ही शेजारी शेजारी आहे हे मला फार आवडतं.

प्रार्थनेला बसते पण शब्दच सुचत नाहीत. तेच ते बोलते.

मग दुसऱ्यांचे शब्द घ्या, त्यात कमीपणा नाही. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांत रागावलेल्या, घाबरलेल्या, देवावर रुसलेल्या माणसांचीही आहेत. कोरडेपणासाठी ४२वं घ्या, अपराध सलत असेल तर ५१वं, "किती वेळ?" असं विचारायचं असेल तर १३वं. प्रभूची प्रार्थना एकेका ओळीवर थांबत म्हणा, "आमची रोजची भाकर" पाशी खरोखर घरातल्या डब्यांचा विचार करा. कॅथलिक बहिणींच्या हाताशी रोजरी आहेच. मणी पुढे सरकत असतात तेव्हा मन भरकटलं तरी हात प्रार्थनेत राहतो.

आणि आपल्याकडे तर अभंग आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण ज्ञानोबा-तुकोबांची चाल सोडली नाही. म्हणून आज आपण टाळ-मृदंगावर ख्रिस्ताला माउली म्हणू शकतो. ज्या दिवशी बोलवत नाही त्या दिवशी गुणगुणा. भांडी घासतानाही चालेल.

बायबल उघडलं की कंटाळा येतो. दर वर्षी जानेवारीत सुरू करते आणि लेवीयमध्ये अडकते.

लेवीयबद्दल मी वर एवढं बोलले, तरी सुरुवात तिथून करू नका. मार्काचं शुभवर्तमान घ्या. १६ अध्याय आहेत, एका बैठकीत दीड-दोन तासांत संपतात. रोज एक तुकडा वाचायची इतकी सवय झालेली असते की सलग गोष्ट म्हणून ते आपण कधी ऐकलेलंच नसतं. घरात कुणी असेल तर आळीपाळीने मोठ्याने वाचा. जुन्या भाषांतराची मराठी जड जात असेल तर सोप्या भाषेतलं घ्या.

आणि कंटाळा येईल तेव्हा पंडिता रमाबाईंना आठवा. मराठी बायबल साध्या बायकांना कळेल अशा बोलीत यावं म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, पंधरा वर्षांहून अधिक काळ भाषांतर करत राहिल्या. ते काम हातात असतानाच, १९२१ मध्ये, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं.

उपास धरला की जोश परत येतो का?

उपास म्हणजे देवाला आपल्याकडे वळवायची कळ नव्हे. यशया ५८ वाचा आणि जेवणाचे वाचलेले पैसे कुणा भुकेल्याच्या ताटात पडू द्या. मधुमेह, रक्तदाब, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नको. गोळी चुकवून केलेल्या उपासाने प्रभूचा गौरव होत नाही. अशांनी आठवडाभर टीव्ही किंवा मोबाइलचा उपास धरावा. तो जास्त कठीण जातो, हे मी स्वतः करून पाहिलंय.

कन्व्हेन्शनमध्ये (मोठ्या प्रार्थनासभांत) तीन दिवस नुसती आग असते. घरी येऊन सोमवारी पाहावं तर काहीच नाही. ते सगळं खोटं होतं का?

खोटं नव्हतं. पण ते कुठून आलं आणि नंतर कुठे गेलं, हे पाहायला हवं. त्यासाठी केडगावचं उदाहरण द्यावंसं वाटतं. ते आपल्याच मातीतलं आहे आणि आपण ते अर्धंच सांगतो.

रमाबाईंनी तिथे निराधार बायका-मुलांसाठी चालवलेल्या मुक्ती मिशनमध्ये १९०५च्या जूनअखेर जे संजीवन (आध्यात्मिक जागृती) झालं, त्याबद्दल सगळे बोलतात: मुली रात्रीतून उठून रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या, तासन्‌तास प्रार्थना चालली. पण त्याच्या आधीचे सहा महिने फारसं कुणी सांगत नाही. जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेला कोण येईल असं विचारलं, तेव्हा सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्या सुमारे ५५० झाल्या आणि दिवसातून दोनदा जमू लागल्या. या सहा महिन्यांत कुठलाही मोठा वक्ता नव्हता, मंडप नव्हता. रोजची राख आणि रोजचं लाकूड होतं.

आणि नंतर काय झालं? त्याच मुली पुन्हा शेतावर, मागावर, स्वयंपाकघरात आणि छापखान्यात गेल्या. शेकडो निराधार बायका-मुलांचं जेवण दोन वेळा व्हायलाच हवं होतं. रमाबाईंच्या बायबलची पानं मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्याच बायकांच्या हातून छापली गेली. शाईने काळी झालेली ती बोटं डोळ्यांसमोर आणली की मला कळतं की आग कुठे गेली.

तेव्हा कन्व्हेन्शनहून आल्यावर त्याच संध्याकाळी एक काम ठरवा: कुणाची माफी मागायची, कुणाला भेटायला जायचं, कुणाचे पैसे परत करायचे. सोमवारच्या आत ते करून टाका. कन्व्हेन्शन रद्द करायची गरज नाही, फक्त रोजच्या प्रार्थनेच्या जागी ती नको.

मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) आहे. उपदेश करतो, लोक रडतात, आणि मी आतून कोरडा आहे. हे ढोंग नाही का?

ढोंगी माणसाला हा प्रश्न पडत नाही, पाळकबाबा.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. त्यानंतर त्यांनी शारदा सदन काढलं, भाषणं दिली, पुस्तकं लिहिली. आणि पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्पष्ट लिहिलं की सुमारे आठ वर्षांनंतर त्यांच्या लक्षात आलं, ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी नावाजलेली बाई हे लिहून ठेवते, तर तुम्हीआम्ही कुणा एकाला सांगायला काय हरकत आहे? मंडळीसमोर नाही, कमिटीसमोर तर नाहीच. दुसऱ्या गावच्या एखाद्या वडीलधाऱ्या पाळकाकडे जा, त्यांच्याबरोबर जेवा आणि सांगा. महिन्यातून एका रविवारी दुसऱ्याला उपदेश करू द्या आणि स्वतः बाकावर बसा. उपदेशासाठी वाचायचा उतारा आणि स्वतःसाठी वाचायचा उतारा वेगळा ठेवा. संडे स्कूलच्या शिक्षकांनाही हेच उत्तर.

मला हात वर करून, टाळ्या वाजवून आराधना जमत नाही. लोक म्हणतात मी कोमट आहे.

लावदिकीयाच्या मंडळीला प्रभूने कोमट म्हटलं ते तिचा आवाज लहान होता म्हणून नव्हे. मी श्रीमंत आहे, मला कशाची गरज नाही, असं ती म्हणत होती म्हणून (प्रकटीकरण ३:१७). ज्याला गरज वाटते तो कोमट नसतो, मग तो मागच्या बाकावर गप्प का बसेना. आणि जे टाळ्या वाजवतात त्यांच्याकडेही नाक मुरडून बघू नका. दावीद राजा देवाच्या कराराच्या कोशापुढे नाचला तेव्हा त्याच्या बायकोने, मीखलने, तेच केलं होतं.

माझ्या हातून मोठी चूक झाली. आता प्रार्थनेला बसायचीच लाज वाटते.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदाच येतो. पहिल्यांदा १८व्या अध्यायात, मुख्य याजकाच्या वाड्यात. थंडी होती, येशूचा शिष्य पेत्र तिथे शेकत उभा होता. तू त्याच्या शिष्यांपैकी ना, असं विचारल्यावर तिथेच त्याने "मी नाही" म्हटलं. दुसऱ्यांदा २१व्या अध्यायात, समुद्राच्या काठी. पेत्र ओल्या कपड्यांनी बाहेर येतो तर काय, प्रभूने कोळशाचा विस्तव करून ठेवलाय, वर मासे आहेत, भाकर आहे. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द आहे आणि नव्या करारात तो दुसरीकडे कुठेही नाही. त्या वासाने पेत्राच्या पोटात कालवलं असेल. पण प्रभूने आधी त्याला जेवू घातलं आणि मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का?

लाज घेऊनच बसा. कॅथलिक असाल तर फादरांकडे कबुलीला जा, नाहीतर एका विश्वासू माणसापाशी बोला. चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं असेल तर ते भरून द्यायचंही ठरवा. नुसती रडून केलेली प्रार्थना तिथे पुरत नाही.

मंडळीतली भांडणं, निवडणुका, कोर्टकचेऱ्या पाहून मन उडालं. मंडळी सोडली तर चालेल का?

तुमचा राग मला कळतो. मीही एका वर्षी सहा महिने प्रभुभोजनाला गेले नाही. पण एकटा निखारा चुलीबाहेर काढला की तो किती वेळ लाल राहतो, हे मी आजीच्या चुलीपाशी पाहिलंय. निदान दोन-तीन घरांची प्रार्थना धरून ठेवा. त्या मंडळीत राहणं अशक्य झालं तर दुसरीत जा, पण कुठेतरी जा.

याला एक अपवाद आहे आणि तो मी ठासून सांगते. कुणी पदावरचा माणूस अंगचटीला येत असेल, मुलांना त्रास देत असेल, तर "क्षमा करा आणि प्रार्थना करा" हे उत्तर नाही. तिथून बाहेर पडा आणि पोलिसांत जा. मुलांसाठी चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८ आहे. अशा वेळी गप्प बसायला सांगणारा देवाच्या वतीने बोलत नाही.

घरात मी एकटीच विश्वासात आहे. मोठ्याने प्रार्थना केली की वाद होतात. माझी आग तिथेच विझते.

टिळकांच्या घरातही असंच होतं, फक्त उलट. ते १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, पाच वर्षांनी, स्वतःच्या वाटेने येऊन. टिळकांनी वाट पाहिली. तुम्हालाही पाहावी लागेल. तोवर प्रार्थना आवाजाशिवाय चालते, पोळ्या लाटताना, बसच्या खिडकीत. घरच्यांच्या देव्हाऱ्याबद्दल कडू बोलू नका. तुमच्या हातची भाजी आणि तुमची जीभ दोन्ही गोड झाल्या तर आधी तेच त्यांच्या लक्षात येईल.

ही आध्यात्मिक मरगळ आहे की नैराश्य, हे कसं ओळखू?

फक्त प्रार्थनेतच नाही तर कशातच मन लागत नाही, दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक बिघडली आहे, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर डॉक्टरांकडे जा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि मराठीतही बोलतात. गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटपर्यंत उजेड येत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. प्रार्थनाही चालू ठेवा आणि औषधही.

सगळं करून पाहिलं. वर्षं झाली. अजून काहीच वाटत नाही. आता काय?

मग तुम्हाला मी आणखी एखादा उपाय देणार नाही. कोलकात्याच्या मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कळलं की कित्येक दशकं त्यांना आत फक्त काळोख जाणवत होता. त्या काळात त्या रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसत होत्या आणि दिवसभर मरणाऱ्यांचे देह धूत होत्या. यशया ४२मध्ये प्रभूच्या सेवकाबद्दल म्हटलंय की मिणमिणती वात तो विझवणार नाही. तिथे वातीने किती उजेड द्यायला हवा याचं माप दिलेलं नाही.

आमच्या गुरुवारी एक बहीण चार वर्षं येते आहे. तिचा तरुण मुलगा गेला. ती गात नाही, साक्ष देत नाही, प्रार्थनेत तिचा आवाज मी एकदाही ऐकलेला नाही. पण सगळ्यांच्या आधी पोचून चटया तीच अंथरते, आणि सगळ्या गेल्या की झटकून, गुंडाळून, भिंतीला उभ्या करून ठेवते. गेल्या पावसाळ्यात रस्ता बंद होता, आम्ही तिघीच पोचलो. चटया अंथरलेल्या होत्या, सगळ्यांच्या.